निकेल ऑक्साइडची हिरवी पूड आणि पाच वर्षांचे विद्यावेतन

शुद्ध निकेल ऑक्साइड ही हिरव्या रंगाची पूड असते. चिनी मातीच्या भांड्यांवर जो काचेसारखा लेप देतात, त्याला रंग आणण्यासाठी ती वापरली जाते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी या पदार्थाची आकडेमोड संस्थेच्या संगणकावर रात्रभर चालवली आणि सकाळी हाती आलेला आलेख मोठ्या उत्साहाने गाइडना नेऊन दाखवला. त्या आलेखाप्रमाणे निकेल ऑक्साइड हा तांब्यासारखा वीज सहज वाहून नेणारा धातू ठरत होता. सरांनी आलेखावर जेमतेम नजर टाकली आणि विचारले, “ही पूड कुठल्या रंगाची असते, कधी पाहिली आहेस का?” मी पाहिली नव्हती. हिरव्या, प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या स्फटिकाला मी धातू म्हणून मोकळा झालो होतो, कारण फाइलीत चुंबकत्वाची एक ओळ लिहायची राहून गेली होती आणि संगणकाने त्याबद्दल अवाक्षरही काढले नव्हते.

संगणकीय क्वांटम पदार्थविज्ञानात पीएचडी करणे म्हणजे नेमके काय, असे विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारतात, तेव्हा मला हाच प्रसंग सांगावासा वाटतो. संगणकाला उत्तर काढायला लावणे हा या कामातला सोपा भाग आहे. आलेल्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवायचा आणि ते काढताना आपण काय काय वगळले होते, हे ओळखायला माणसाला चार-पाच वर्षे लागतात. त्या वर्षांसाठी दरमहा पैसे मिळतात, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

आधी नावाविषयी. क्वांटम, म्हणजे पाठ्यपुस्तकी मराठीत पुंज, हे विशेषण खरे तर प्रत्येकच पदार्थाला लागू पडते, कारण टेबलाचे लाकूडसुद्धा पुंजयामिकीच्या नियमांमुळेच घट्ट राहते. तरीही ज्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांचे हे सूक्ष्म वागणे थेट प्रयोगशाळेतल्या मीटरवर उमटते, त्यांना गेल्या काही वर्षांत ‘क्वांटम मटेरिअल’ म्हणायचा प्रघात पडला आहे. विरोधाशिवाय वीज वाहून नेणारे अतिवाहक, आतून विद्युतरोधक पण कडेने वाहक असणारे टोपोलॉजिकल पदार्थ, एकमेकांवर किंचित तिरके ठेवलेले ग्राफिनचे, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचे, थर, आणि आपली हिरवी पूड ही त्यांची उदाहरणे. या नावात संशोधनासाठी निधी मागताना उपयोगी पडणारा थोडा झगमगाट आहे हे मान्य करायला हवे, पण त्यामागचा प्रश्न खरा आणि जुना आहे.

तो असा. १९२९ साली पॉल डिरॅक यांनी लिहून ठेवले की संपूर्ण रसायनशास्त्राला आणि भौतिकशास्त्राच्या मोठ्या भागाला लागणारे मूलभूत नियम आता पूर्णपणे माहीत झाले आहेत, अडचण एवढीच आहे की त्यातून निघणारी समीकरणे सोडवता येण्यापलीकडे गुंतागुंतीची आहेत. किती गुंतागुंतीची, हे पाहायला एक साधे उदाहरण पुरते. प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक छोटे लोहचुंबक समजा, ज्याचे टोक फक्त वर किंवा खाली असू शकते. असे ३० चुंबक एका रांगेत असतील तर त्यांच्या शक्य मांडण्या २ चा ३०वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी होतात. क्वांटम नियमांप्रमाणे या साऱ्या मांडण्या एकाच वेळी हिशेबात धराव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी एक आकडा साठवावा लागतो. त्याला १७ गिगाबाइट जागा लागते, जी चांगल्या लॅपटॉपमध्ये मिळू शकते. चुंबक ४० केले तर १७ टेराबाइटहून अधिक जागा लागते, ५० केले तर सुमारे १८ पेटाबाइट, आणि ३०० चुंबकांच्या मांडण्या तर दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजित संख्येच्याही पुढे जातात. बुद्धिबळाच्या पटावर घराघरात दुप्पट दाणे मागणाऱ्या माणसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, तिथे निदान ६४ घरांवर पट संपतो. एक ग्रॅम लोखंडात अणूंची संख्या १० च्या २२व्या घाताएवढी असते आणि प्रत्येक अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात.

म्हणजे बिनचूक उत्तर कोणालाही, कितीही मोठ्या संगणकावर काढता येणार नाही, हे गृहीत धरूनच या विषयात पाऊल टाकायचे असते. मग जे काही केले जाते ते कशाला तरी फाटा देऊन केले जाते. कशाला फाटा द्यायचा यावरून या क्षेत्रात निरनिराळी घराणी पडली आहेत, आणि विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्य बरेचसे त्याने कुठल्या घराण्यात तालीम घेतली यावर ठरते.

सर्वांत मोठे घराणे घनता-फलन सिद्धांताचे. संशोधक त्याला डीएफटी म्हणतात आणि मीही तेच म्हणेन. १९६४ साली पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी सिद्ध केले की पदार्थाच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेपुरते बोलायचे, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब ठेवण्याची गरज नाही. अवकाशात कुठे किती इलेक्ट्रॉन दाटले आहेत, ही एक घनता कळली तरी त्यातून तत्त्वतः सारे काही मिळू शकते. पुढच्याच वर्षी कोन आणि लू शाम यांनी ती घनता प्रत्यक्ष काढायची कृती दिली. या कामासाठी कोन यांना १९९८ साली नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला, तोही भौतिकशास्त्राचा नव्हे तर रसायनशास्त्राचा. या कृतीत एक घटक असा आहे की त्याचे नेमके सूत्र कोणालाच माहीत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत वावरतात त्यातून ऊर्जेत जो फरक पडतो, तो या घटकात कोंबलेला असतो आणि त्याच्या जागी अंदाजी सूत्र वापरावे लागते. १९९६ साली पर्ड्यू, बर्क आणि अर्न्झरहॉफ यांनी दिलेले सूत्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये रोज वापरले जाते.

डीएफटीचे गणित आत कसे चालते हे समजून घेण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉन कुठे दाटतील हे त्यांच्यावर पडणाऱ्या विद्युत ओढीवर अवलंबून असते, आणि ती ओढ पुन्हा इलेक्ट्रॉन कुठे दाटले आहेत यावर अवलंबून असते. सुरुवात कुठून करायची? म्हणून आधी एक अंदाजी घनता धरतात, तिच्यावरून ओढ काढतात, त्या ओढीत समीकरणे सोडवून नवी घनता मिळवतात, आणि जुनी व नवी यांत फरक उरला असेल तर दोन्ही थोड्या थोड्या मिसळून पुन्हा तेच करतात. आमटीला मीठ लावावे तसा हा प्रकार असतो. चिमूटभर घालून चव घेत गेले तर पाच-सात वेळांत जमते. एकदम मूठभर घातले तर खारट होते, मग पाणी वाढवावे लागते, मग ती पाणचट होते, मग पुन्हा मीठ, आणि आमटी काही केल्या बसत नाही. संगणकावरही मिसळण्याचे प्रमाण जास्त ठेवले तर घनता एका बाजूने दुसऱ्या बाजूला हेलकावत राहते आणि शंभर फेऱ्या होऊनही गणित स्थिरावत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे आकडे पडद्यावर वरखाली होताना पाहत बसतो. मला विचाराल तर ती वेळ वाया जात नाही, कारण कुठला पदार्थ हट्टी आहे हे तिथेच हाताला कळू लागते.

डीएफटी पुष्कळ ठिकाणी थक्क करील इतकी बरोबर येते. स्फटिकातले अणूंमधले अंतर ती एक-दोन टक्क्यांच्या फरकाने सांगते. पण सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला बंधनातून सुटायला लागणारी ऊर्जा, जिला बँड गॅप म्हणतात, प्रयोगात सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि नेहमीच्या डीएफटीत ती ०.६ च्या आसपास येते. ज्या पदार्थावर सारे संगणक चालतात त्याच्याच बाबतीत उत्तर जवळजवळ निम्मे यावे, हा विनोद या क्षेत्रातले लोक आता सवयीने पचवतात. निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थात मात्र तेवढ्यावर भागत नाही.

तिथे काय बिनसते? निकेल ऑक्साइडमधल्या प्रत्येक निकेलकडे एका विशिष्ट कवचात ८ इलेक्ट्रॉन असतात आणि त्या कवचात जागा १० असतात. इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांची पट्टी (बँड) अर्धवट भरलेली असली की पदार्थ धातू, असे पदवीच्या पुस्तकात शिकवतात. १९३७ साली डी बोअर आणि फेरवे यांनी दाखवून दिले की असे कित्येक पदार्थ प्रत्यक्षात वीज वाहून नेतच नाहीत. त्याचे कारण नेव्हिल मॉट आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी त्याच वर्षी ओळखले. समजा एक चाळ आहे आणि तिच्या प्रत्येक खोलीत एकेक भाडेकरू आहे. प्रत्येकाला शेजारच्या खोलीत जायची हौस आहे, परंतु दोघे एका खोलीत आले की कडाक्याचे भांडण होते. हौस मोठी आणि भांडण किरकोळ असेल तर लोक चाळभर फिरत राहतील. भांडण फार महाग पडत असेल तर प्रत्येक जण आपापल्या खोलीत गप्प बसेल, आणि खोल्यांमध्ये जागा शिल्लक असूनही चाळीतली ये-जा थांबेल. पट्टी अर्धवट रिकामी असूनही वीज न वाहण्याचे हेच कारण. अशा पदार्थाला मॉट विद्युतरोधक म्हणतात, आणि चाळीचे हे चित्र गणितात मांडणाऱ्या प्रतिकृतीला जॉन हबर्ड यांचे नाव आहे. (निकेल ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉनही या कथेत लुडबुड करतात, पण ते इथे सोडून देतो.)

नेहमीची डीएफटी भाडेकरूंची सरासरी गर्दी पाहते, कोण कोणाशी भांडतो ते पाहत नाही. म्हणून १९९१च्या सुमारास तिला भांडणाची किंमत बाहेरून जोडण्याची युक्ती निघाली. त्या किमतीला ‘यू’ म्हणतात. निकेल ऑक्साइडसाठी चुंबकत्वाची ओळ घातली की गॅप दिसू लागतो, पण प्रयोगातल्या सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मानाने फारच लहान. मग ‘यू’ वाढवत नेला की गॅप वाढत जातो आणि कुठल्यातरी आकड्याला तो प्रयोगाशी बरोबर जुळतो. नवशिक्याला मोह होतो की हाच आकडा ठेवावा आणि शोधनिबंध लिहावा. पुस्तकाच्या मागचे उत्तर बघून गणित सोडवण्यातलाच हा प्रकार. ज्या पदार्थाचा प्रयोग अजून झालेलाच नाही, तिथे हा मार्ग काहीच सांगू शकत नाही. त्रिएस्तच्या सिसा या संस्थेतून मात्तेओ कोकोचियोनी आणि स्तेफानो द जिरोंकोली यांनी २००५ साली ‘यू’ हा आकडा पदार्थाच्या स्वतःच्या गणितातूनच काढायची रीत दिली. त्यामुळे निदान “हा आकडा कुठून आणला?” या प्रश्नाला तोंड देता येते. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा.

या साऱ्याला किती महत्त्व आहे, ते २०२३ च्या पावसाळ्यात जगाने पाहिले. जुलैच्या अखेरीस दक्षिण कोरियातील एका गटाने दावा केला की शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्या एलके-९९ या संयुगात खोलीच्या तापमानाला, साध्या दाबाखाली अतिवाहकता मिळते. काही दिवसांतच डीएफटी वापरून केलेली गणिते प्रसिद्ध झाली, त्यांत अतिवाहकांच्या अभ्यासकांना आकर्षक वाटणारे सपाट ऊर्जापट्टे (ज्यांत इलेक्ट्रॉन फार मंदावतात) दिसत होते, आणि समाजमाध्यमांवर ती गणिते म्हणजे दाव्याला मिळालेला दुजोरा आहे असे समजून जल्लोष झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून पाहिला गेला, अतिवाहकता आढळली नाही. नमुन्यांत मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडमध्ये १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रचना बदलते आणि विरोधात जी घसरण दिसली होती ती त्याच्यामुळे होती, हेही उघड झाले. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत शेवटी शुद्ध स्फटिक वाढवले गेले, तेव्हा ते जांभळट, पारदर्शक आणि पक्के विद्युतरोधक निघाले. म्हणजे पुन्हा तीच चाळ आणि तेच भांडण. गणिते करणाऱ्यांनी आकडेमोडीत चूक केली नव्हती, आणि त्यांपैकी काहींनी सावधगिरीचे इशारेही लिहिले होते. सपाट पट्टा म्हणजे अतिवाहकता नव्हे, आणि डीएफटीतला अर्धा भरलेला सपाट पट्टा तर मॉट विद्युतरोधकाचीच चाहूल असू शकतो, हे वाचणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक होते.

यावरून कोणी या शास्त्राला थोतांड समजू नये. २०१४ साली चीनमधील गटांनी गणिताने दाखवले की प्रचंड दाबाखाली हायड्रोजन आणि गंधक यांच्या संयुगात बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहकता मिळायला हवी. मिखाइल एरेमेट्स यांच्या माइन्झ येथील गटाने सुमारे १५ लाख वातावरणांच्या दाबाखाली २०३ केल्विनला, म्हणजे उणे ७० अंश सेल्सिअसला, ती मोजून २०१५ साली प्रसिद्ध केली. ग्राफिनच्या दोन थरांमध्ये सुमारे १.१ अंशाचा तिरकेपणा ठेवला तर इलेक्ट्रॉन अगदी मंदावतील, हे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ साली हिशेबाने सांगितले होते, आणि २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये त्याच कोनाजवळ अतिवाहकता सापडली. कागदावरचे आधी आणि प्रयोगशाळेतले नंतर, असा क्रम ज्या विषयात अधूनमधून तरी येतो, त्यात तरुणांनी उतरावे असे मला मनापासून वाटते.

डीएफटीखेरीज दुसरे मोठे घराणे प्रतिकृती सोडवणाऱ्यांचे. ते खरा पदार्थ बाजूला ठेवून हबर्डच्या चाळीसारखे सुटसुटीत चित्र घेतात आणि त्यातले भांडण मात्र शक्य तितके इमानदारीने सोडवतात. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ साली दिलेली डीएमआरजी पद्धत, यादृच्छिक आकड्यांवर चालणारी क्वांटम मॉन्टे कार्लो, आणि या दोन घराण्यांमध्ये पूल बांधणारी डीएमएफटी ही त्यांची हत्यारे आहेत. अलीकडे यंत्रशिक्षणाचेही (मशीन लर्निंगचे) एक घराणे जोमात आले आहे. डीएफटीच्या हजारो गणितांवरून शिकून ते अणूंमधली बले कैक पटींनी लवकर सांगते, पण ज्यावरून शिकले त्यातल्या चुकाही इमानाने पुढे नेते. विद्यार्थ्याने निवड करताना स्वतःला एकच विचारावे. आपल्याला अमुक पदार्थाविषयी कुतूहल आहे, की अमुक पद्धत कशी चालते याविषयी? पहिले असेल तर डीएफटीकडे, दुसरे असेल तर प्रतिकृतींकडे.

रोजचे काम बाहेरून अगदीच निरस दिसते. लिनक्सच्या काळ्या खिडकीत फाइल लिहायची, जॉब, म्हणजे संगणकाला नेमून दिलेले काम, रांगेत लावायचा आणि वाट पाहायची. अणूंची संख्या दुप्पट केली की नेहमीच्या डीएफटीला आठपट वेळ लागतो, त्यामुळे रांग लांबच असते. मी एकदा २४ तासांची मुदत असलेल्या रांगेत मोठा जॉब लावला आणि मधले निष्कर्ष साठवण्याची सोय चालू केली नव्हती. तेविसाव्या तासापर्यंत सारे सुरळीत चालले, चोविसाव्या तासाला संगणकाने जॉब मारला आणि दिवसभराच्या कामापैकी हाती काहीच उरले नाही. त्याहून महत्त्वाचे आणि कंटाळवाणे काम म्हणजे कसोट्या घेणे. हिशेबाची जाळी ४, ६, ८, १० अशी बारीक करत जायची, ऊर्जेची मर्यादा ३०, ४०, ५०, ६० रिडबर्ग (ऊर्जेचे एक एकक) अशी वाढवत जायची, आणि उत्तर हलायचे कधी थांबते ते पाहायचे. हा तक्ता शोधनिबंधात बहुधा छापलाही जात नाही. तरी विद्यार्थ्याच्या वहीत तो नसेल, तर पुढचे काहीही मी वाचत नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला यंत्रांची कमतरता भासू नये. सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक पुण्यातच उभा केला होता, आज आयसर पुणे या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहिमेखाली पुण्याजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र यंत्रे सुरू झाली. शिवाय सुरुवातीला महासंगणक लागतही नाही. क्वांटम एस्प्रेसो हा ज्याची मुळे इटलीत आहेत असा प्रणालीसंच फुकट मिळतो आणि दोन अणूंच्या सिलिकॉनचे गणित साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात होते. नांदेड किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एमएस्सीच्या मुलीला द्रव हेलियमची प्रयोगशाळा मिळणार नाही, पण हे गणित तिला आज रात्री करून पाहता येईल.

आता पैशांविषयी. आपल्याकडे याबाबत बोलणे असभ्य मानतात आणि मग विद्यार्थी फसतात. भारतात भौतिकशास्त्रातल्या पीएचडीचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर, कामाचे मूल्यमापन होऊन, एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून दरमहा ४२,००० रुपये आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. आयआयटी, आयसर, टीआयएफआर यांसारख्या संस्था गेट, जेस्ट किंवा स्वतःची प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत यांवरून घेतात आणि साधारण याच दराने स्वतःच्या निधीतून विद्यावेतन देतात. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत दरमहा ७०,००० पासून ८०,००० रुपयांपर्यंत आणि वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान होते, तिथली चुरसही त्याच मानाने. राज्य विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांसाठी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी समाज) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग व भटके-विमुक्त) या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, ज्यांची माहिती प्रवेशाच्या आधीच काढून ठेवावी. दुसऱ्या टोकाला, केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय पीएचडी करणाऱ्याला मिळणारी यूजीसीची मदत दरमहा ८,००० रुपये आहे. त्यामुळे ‘प्रवेश मिळाला’ आणि ‘निधीसह प्रवेश मिळाला’ या दोन निरनिराळ्या बातम्या आहेत, त्या एक समजू नयेत.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. प्राध्यापकांना मिळालेल्या प्रकल्पावरची ‘जेआरएफ’ आणि नेटची जेआरएफ यांचे नाव एक आणि कित्येकदा रक्कमही एकच असते, पण प्रकल्पावरची जागा प्रकल्पाबरोबर संपते आणि तिच्यात पीएचडीची नोंदणी असेलच असे नाही. जाहिरातीत नोंदणीचा उल्लेख नसेल तर तसे लेखी विचारून घ्यावे.

परदेशातली व्यवस्था वेगळ्या पायावर आहे. जर्मनीत पीएचडी करणारा बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा किंवा संस्थेचा करारबद्ध कर्मचारी असतो. त्याला सरकारी वेतनश्रेणीतल्या पदाचा अर्धा, दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त पगार मिळतो, त्यातून कर, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन कापले जाते, आणि जागा मिळते ती प्रवेशपरीक्षेने नव्हे तर प्राध्यापकाच्या निवडीने. त्यासाठी मास्टर्स पदवी लागते. व्युर्झबुर्ग आणि ड्रेस्डेन येथील विद्यापीठांचा क्वांटम पदार्थांवरचा एकत्रित संशोधनसमूह २०१९ पासून चालू आहे, आणि या दोन शहरांतल्या जाहिराती आपल्या विद्यार्थ्यांनी पाहत राहाव्यात. अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या पीएचडीत शिकवणीशुल्क माफ होते आणि पदवीच्या मुलांचे वर्ग घेण्याबद्दल किंवा संशोधनाबद्दल मानधन मिळते, पण पहिली दोन वर्षे अभ्यासक्रमात आणि पात्रता परीक्षेत जातात आणि एकूण काळ पाच-सहा वर्षांचा होतो. जिथे पहिल्या वर्षाचे शुल्क स्वतः भरायला सांगतात, त्या पीएचडीच्या वाटेला भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज करताना प्राध्यापकांना पाठवायचे पत्र आखूड असावे. “मला लहानपणापासून विज्ञानाची अतोनात ओढ आहे” हे वाक्य त्यांनी त्याच सकाळी दहा वेळा वाचलेले असते. त्याऐवजी “मी सिलिकॉनचा बँड गॅप क्वांटम एस्प्रेसोने काढला, तो ०.६ च्या जवळ आला, जाळी बारीक केली तरी हलला नाही, म्हणून ही त्रुटी सूत्राची असावी असे वाटते” असे तीन ओळींत लिहिले तर उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. मुलाखतीत विचारतात तेही साधेच असते. ब्लॉखचे प्रमेय, हायड्रोजनचा अणू, धातू आणि विद्युतरोधक यांत फरक काय, आणि निकेल ऑक्साइड धातू का नाही.

गाइड निवडताना त्यांच्या निबंधांच्या संख्येपेक्षा त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या शेवटच्या तीन-चार विद्यार्थ्यांना गाठून बोलावे. त्यांना किती वर्षे लागली, ते आता कुठे आहेत, आणि प्रणाली त्यांनी स्वतः लिहिली की केवळ चालवली, हे तिन्ही विचारावे. शेवटचा प्रश्न नोकरीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. या विषयात पीएचडी झालेल्यांपैकी पुष्कळजण पुढे प्राध्यापक होत नाहीत. ते बॅटऱ्या, अर्धवाहक, औषधे किंवा विदाविश्लेषण यांकडे वळतात, आणि तिथे स्वतः लिहिलेल्या हजार ओळींना कोणाच्या तरी प्रणालीवर चालवलेल्या हजार जॉबपेक्षा जास्त भाव असतो.

सरतेशेवटी एक हिशेब प्रवेशाच्या दिवशीच करून ठेवावा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांत पूर्ण व्हावी लागते, तर जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पैसे पाच वर्षेच मिळतात. प्रबंध पाचव्या वर्षाच्या आत पुरा झाला नाही, तर लिहिण्याचे शेवटचे महिने विद्यावेतनाशिवाय काढावे लागतात. तशी वेळ आली तर आपल्या गटात काय सोय करतात, हे गाइडना पहिल्याच भेटीत विचारायला संकोच वाटतो. तरी विचारावे, कारण ज्यांच्याकडे त्याचे उत्तर तयार असते, त्यांचे विद्यार्थी सहसा वेळेत बाहेर पडलेले असतात.